चहाच्या चिनी अक्षरात ‘माणूस’ नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चहाच्या इतिहासावर प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. चहाचे मळे, आसामची लागवड, इराण्यांची हॉटेले हा भाग लेखकाने आत्मीयतेने लिहिला आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र लेखाच्या सुरुवातीला चहाच्या चिनी अक्षराविषयी तीन विधाने अगदी ठामपणे केली आहेत. वर गवत, खाली झाड आणि मधोमध माणूस, म्हणजे निसर्गाच्या कुशीत विसावलेला माणूस, असा त्या अक्षराचा मूळ अर्थ आहे, हे पहिले विधान. हे अक्षर आठव्या शतकात लू यू या ग्रंथकाराने जुन्या अक्षरातील एक रेघ गाळून निर्माण केले, हे दुसरे. आणि शेन-नुंग या पुराणकालीन राजाने चहाचा शोध लावल्याची नोंद चीनच्या सर्वांत जुन्या औषधी ग्रंथात आहे, हे तिसरे. यांपैकी पहिले विधान चुकीचे आहे, दुसरे अर्धवट आहे आणि तिसऱ्याला उपलब्ध ग्रंथाचा आधार नाही. या तिन्ही गोष्टी इंटरनेटवर आणि चहाच्या डब्यांवरही सर्रास आढळतात, म्हणून एकट्या लेखकाला दोष देणे योग्य होणार नाही. पण वर्तमानपत्रात छापून आलेली गोष्ट शाळकरी मुले वहीत उतरवून घेतात आणि म्हणूनच तिची दुरुस्ती त्याच पानावर व्हावी, असे मला मनापासून वाटते.

मराठी छपाईत चिनी अक्षरे आणणे गैरसोयीचे असल्यामुळे मी ती शब्दांतच वर्णन करतो. देवनागरीत दिलेले उच्चारही ढोबळ समजावेत. आज चहासाठी जे अक्षर वापरले जाते त्याचा उच्चार ‘चा’ असा आहे. त्यात वर गवताचे शीर्षचिन्ह, त्याखाली छपरासारख्या दोन तिरक्या रेघा आणि सर्वांत खाली झाडाच्या चिन्हासारखी दिसणारी आकृती असते. आजच्या पद्धतीने मोजल्यास या अक्षरात नऊ रेघा भरतात. याच्याहून पुष्कळ जुने असलेले दुसरे एक अक्षर दहा रेघांचे आहे आणि त्याचा आजचा उच्चार ‘तु’ आहे. या दोहोंत फरक आहे तो खालच्या भागातील एका आडव्या रेघेचा. दहा रेघांचे ‘तु’ हेच नऊ रेघांच्या ‘चा’चे पूर्वरूप होय, हे चिनी भाषाभ्यासात शेकडो वर्षांपासून मान्य आहे.

आता ते जुने अक्षर कसे बनले आहे ते पाहिले, की माणसाचा प्रश्न आपोआप सुटतो. इसवी सन 100 मध्ये शू शेन या विद्वानाने ‘श्वो-वन’ हा अक्षरकोश पूर्ण केला. चिनी अक्षरांच्या घडणीचा विचार आजही या कोशापासूनच सुरू होतो. त्यात ‘तु’विषयी स्पष्ट नोंद आहे, की ही एक कडू वनस्पती असून अक्षराचा वरचा भाग गवताचा आणि खालचा भाग ‘यु’ हा केवळ ध्वनीसाठी आहे. चिनी लिपीतील बहुसंख्य अक्षरे अशीच बनली आहेत. एक घटक अर्थाचे क्षेत्र दाखवतो, दुसरा उच्चाराकडे बोट दाखवतो आणि त्या दुसऱ्या घटकाच्या स्वतःच्या अर्थाचा संबंध नसतो. ‘यु’ हा घटक रस्ता या अर्थाच्या ‘तु’ अक्षरात आहे, सावकाश या अर्थाच्या ‘श्यु’ अक्षरात आहे आणि काढून टाकणे या अर्थाच्या ‘चु’ अक्षरातही आहे. या अक्षरांमध्ये कोणी झाडाखाली बसलेला माणूस शोधत नाही. स्वतंत्रपणे ‘यु’चा अर्थ ‘मी’ असा होतो आणि चीनच्या प्राचीन शांग राजवंशाच्या काळात हाडांवर कोरलेल्या लेखांत राजा स्वतःसाठी हा शब्द योजत असे. पण चहाशी त्या ‘मी’चाही काही संबंध नाही. ‘यु’च्या वरच्या दोन तिरक्या रेघा ‘माणूस’ या अक्षरासारख्या दिसतात आणि एक रेघ गळाल्यावर खालचा भाग ‘झाड’ या अक्षरासारखा दिसू लागला, एवढ्या दोन योगायोगांवर ही सगळी सुंदर कल्पना उभी आहे.

खरे तर ‘तु’ या अक्षराचा खरा पूर्वेतिहास त्या कल्पनेपेक्षा कितीतरी समृद्ध आहे आणि लेखात त्याचा एका वाक्यानेही उल्लेख नसावा, याची मला हळहळ वाटली. चीनचा सर्वांत प्राचीन काव्यसंग्रह ‘शी-चिंग’ हा आहे. त्यातील रचना इसवी सनापूर्वीच्या अकराव्या ते साधारण सहाव्या शतकापर्यंतच्या मानल्या जातात. त्यात हे अक्षर वारंवार येते, पण कुठेही चहा असा अर्थ निश्चित करता येत नाही. नवऱ्याने टाकलेली एक स्त्री म्हणते, की ‘तु’ कडू असते असे कोण म्हणते, मला तर ती गोड भाजीसारखी लागते. म्हणजे तिच्या वाट्याला आलेल्या कडवटपणापुढे ती भाजी काहीच नव्हे. झोउ लोकांच्या पूर्वजांनी नवी भूमी वसवली त्याचे वर्णन करणाऱ्या गीतात ती माती इतकी सुपीक सांगितली आहे, की तिच्यातली कडू ‘तु’सुद्धा माल्टच्या पाकासारखी गोड होती. शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या कामांचे एक दीर्घ गीत आहे, त्यात शेतावर राबणाऱ्यांच्या पोटासाठी ‘तु’ खुडून आणली जाते आणि हलक्या प्रतीचे लाकूड जळणाला वापरले जाते. गरिबाच्या ताटातली रानभाजी एवढेच तिचे स्थान इथे दिसते. आणखी एका गीतात हीच ‘तु’ पिकातले तण म्हणून उपटली जाते आणि ती कुजल्यावर धान्य जोमाने वाढते.

पण याच संग्रहात ‘तु’चा आणखी एक, अगदी वेगळा अर्थ आहे, तो म्हणजे लव्हाळ्यासारख्या गवताचे पांढरे तुरे. नगराच्या पूर्व वेशीबाहेर जमलेल्या तरुणींना ‘तु’सारख्या म्हटले आहे, तिथे कडू भाजी अभिप्रेत असणे शक्यच नाही, पांढऱ्या तुऱ्यांचे डोलणारे रान हेच चित्र कवीच्या डोळ्यांपुढे आहे. प्राचीन राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ‘झोउ-ली’ या ग्रंथात तर ‘तु’ गोळा करण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी सांगितला असून त्याने हंगामात हे तुरे जमवून अंत्यविधीसाठी पुरवावेत, असे त्याचे कर्तव्य नोंदवले आहे. आणि तिसरा अर्थ आहे यातना किंवा अनर्थ. कडू आणि विष या दोन अक्षरांची जोडी, म्हणजे ‘तु-दु’, ही जनतेचा छळ या अर्थाने आजच्या चिनी गद्यातही वापरली जाते.

पांढऱ्या तुऱ्यांच्या अर्थाने हे अक्षर ज्या प्रसंगामुळे अमर झाले तो प्रसंग इसवी सनापूर्वी 482 चा आहे. वू राज्याचा राजा फू-चाय याने ह्वांग-छ येथील राजसभेत आपले वर्चस्व सिद्ध करण्यासाठी रातोरात सैन्य उभे केले. दहा हजारांचा एकेक चौकोन, असे तीन चौकोन. मधल्या सैन्याचे कपडे, निशाणे, चिलखते आणि बाणांची पिसे सगळे पांढरे होते आणि दुरून ते ‘तु’सारखे दिसत होते. डावीकडचे सैन्य तांबड्या रंगात होते, ते आगीसारखे दिसत होते. उजवीकडचे काळ्या रंगात होते, ते शाईसारखे. ‘आगीसारखे, तु-सारखे’ हा चार अक्षरी वाक्प्रचार या वर्णनावरून तयार झाला आणि एखादे काम किंवा चळवळ ऐन भरात आहे असे सांगताना चिनी वर्तमानपत्रे तो रोज वापरतात. तो लिहिताना दहावी रेघ विसरणाऱ्यांची संख्या चीनमध्येही मोठी आहे, त्यामुळे ‘आगीसारखे, चहासारखे’ असे काहीतरी छापले जाते आणि तेथील भाषाशिक्षक त्यावर सतत बोट ठेवतात.

मग या अक्षरात चहा शिरला केव्हा? जो सर्वांत जुना, काळ निश्चित असलेला आणि बराच विश्वसनीय पुरावा आहे, तो आजच्या सिच्वान प्रांतातला आहे. इसवी सनापूर्वी 59 मध्ये वांग पाओ या साहित्यिकाने एका विधवेकडून विकत घेतलेल्या गुलामाच्या कामांचा करारनामा विनोदी ढंगात लिहिला. त्यात ‘तु’ उकळून भांडी आवरावीत आणि वू-यांग गावी जाऊन ‘तु’ विकत आणावी, अशी कामे आहेत. रानात फुकट मिळणारी भाजी विकत आणायला कोणी दुसऱ्या गावी माणूस पाठवत नाही, म्हणून निदान ही दुसरी ‘तु’ म्हणजे चहाच असला पाहिजे, हा तर्क मला पटतो. पुढे ‘अर्-या’ या प्राचीन शब्दकोशावर भाष्य लिहिताना क्वो फू (276–324) याने तर संदिग्धता ठेवलीच नाही. त्यातील ‘कडू तु’ या नोंदीविषयी तो म्हणतो, की हे लहान झाड असून त्याला हिवाळ्यात पाने येतात, ती उकळून पेय करतात, लवकर खुडलेल्या पानांना ‘तु’ आणि उशिरा खुडलेल्यांना ‘मिंग’ म्हणतात. चौथ्या शतकाच्या आरंभी, म्हणजे लू यूच्या जन्माआधी चारशे वर्षे, चहाची ही स्पष्ट नोंद आहे आणि ती जुन्या दहा रेघांच्या अक्षराखालीच आहे.

शेन-नुंग राजाबद्दल थोडक्यात सांगतो. त्याने शेकडो वनस्पती चाखल्या आणि एका दिवसात सत्तर वेळा त्याला विषबाधा झाली, ही कथा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ‘ह्वाय-नान-त्स’ या ग्रंथात आहे, पण तिथे चहाचे नाव नाही. त्या विषावर चहाने उतारा मिळाला हे शेपूट नंतर जोडले गेले आणि शेन-नुंगच्या नावावरील औषधी ग्रंथाचा जो पाठ आज उपलब्ध आहे त्यात ते वाक्य सापडत नाही. कथा म्हणून ती सांगायला हरकत नाही, फक्त लेखी पुरावा म्हणून तिचा हवाला देऊ नये.

आता गळालेल्या रेघेकडे वळतो. लू यू (733–804) याचा चहावरील ग्रंथ तीन खंडांचा आणि दहा प्रकरणांचा आहे. त्याचे महत्त्व वादातीत आहे, आणि नऊ रेघांचे रूप सर्वत्र रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे हेही खरे. परंतु ते अक्षर आपण घडवले असे लू यू स्वतः म्हणत नाही. उलट पहिल्याच प्रकरणात तो सांगतो, की हे अक्षर कोणी गवताच्या चिन्हाने लिहितात, कोणी झाडाच्या, तर कोणी दोन्हींच्या. गवताचे रूप, म्हणजे ‘चा’, हे खाय-युआन काळात (713–741) सम्राटाच्या नावे सिद्ध झालेल्या कोशात आहे, अशी टीपही त्या ठिकाणी जोडलेली आहे. म्हणजे लू यू लहान असतानाच ते रूप राजमान्य कोशात दाखल झाले होते आणि लोकांच्या हातून रेघ गळण्यास सुरुवात त्याच्याही आधी झाली असली पाहिजे.

या रेघेचा माग सर्वांत चिकाटीने कोणी काढला असेल, तर सतराव्या शतकातील थोर विद्वान गू यान-वू (1613–1682) यांनी. ग्रंथांच्या नकला करणारे लोक जुनी अक्षरे नव्या वळणाने लिहून टाकतात, त्यामुळे छापील ग्रंथांवर विसंबून अक्षराचा इतिहास ठरवता येत नाही, हे ओळखून त्यांनी दगडावर कोरलेल्या लेखांचा आधार घेतला. पूर्व चीनमधील थाय पर्वतावर थांग राजवंशाच्या काळातील (618–907) लेख वाचताना त्यांना 779 सालच्या लेखात ‘चहा आणि औषध’ हे शब्द आणि 798 सालच्या लेखात ‘चहाची मेजवानी’ हे शब्द सापडले आणि दोन्ही ठिकाणी अक्षर दहा रेघांचेच होते. लू यूचा ग्रंथ लिहून झाल्यानंतरही थाय पर्वतावर जुनेच रूप कोरले जात होते. त्यानंतर 841 साली ल्यू कुंग-छ्वान या विख्यात सुलेखनकाराने लिहिलेल्या श्वान-मी स्तूपाच्या शिलालेखात आणि 855 साली फेई श्यू याने लिहिलेल्या क्वेई-फंग आचार्यांच्या शिलालेखात ती रेघ गेलेली दिसते. यावरून हा बदल थांग काळाच्या मध्यानंतर स्थिर झाला, असा निष्कर्ष गू यांनी काढला. पुराव्याची ही शिस्त पाहून आपल्याकडच्या ताम्रपटांच्या अभ्यासकांची आठवण येते.

यातली खरी विलक्षण गोष्ट पुढेच आहे. गू यांनी पुरावा म्हणून घेतलेल्या या दोन उत्तरकालीन शिलालेखांत ते अक्षर चहासाठी आलेलेच नाही. ते आले आहे ‘चा-पी’ या शब्दात, ज्याचा अर्थ दहन असा आहे. बौद्ध आचार्यांच्या देहाला अग्नी दिल्यावर अस्थी मिळाल्या, हे सांगताना तो शब्द योजला आहे आणि तो शब्द चिनी नाही. जाळणे या अर्थाच्या ‘झापेति’ या पाली क्रियापदाच्या कुळातला तो शब्द आहे, त्याचा उच्चार चिनी अक्षरांत उतरवला गेला आहे. चहाच्या अक्षरातील एक रेघ गळाल्याची ही शिलालेखीय साक्ष आपल्याला मिळते ती भारतीय शब्दाच्या लेखनातून. क्वेई-फंग आचार्यांचा तो शिलालेख आजच्या शी-आन शहराजवळील छाओ-थांग विहारात आहे आणि हा तोच विहार, जिथे कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी संस्कृत सूत्रांचे चिनी अनुवाद केले. जपानमध्ये दहनविधीला आजही ‘दाबी’ म्हणतात आणि तो शब्द तिथे जुन्या दहा रेघांच्या अक्षरानेच लिहिला जातो.

भारतीय शब्दांसाठी हेच अक्षर का निवडले गेले, याचे उत्तर त्याच्या प्राचीन उच्चारात आहे आणि मराठी वाचकाला ते इतर अनेकांपेक्षा सहज कळेल, कारण ‘ड’ हा वर्ण आपल्या कानाला सरावाचा आहे. चिनी कोशकार उच्चार दाखवण्यासाठी दोन अक्षरांची युक्ती वापरत. पहिल्याचे आद्य व्यंजन घ्यायचे आणि दुसऱ्याचा उरलेला भाग घ्यायचा. या पद्धतीने दिलेल्या नोंदी आणि निरनिराळ्या बोलींची तुलना यांवरून अभ्यासकांनी असे दाखवले आहे, की थांग काळात चहा या अर्थी या अक्षराचा उच्चार मूर्धन्य, म्हणजे ट-वर्गातल्यासारख्या, व्यंजनाने सुरू होत असे आणि तो आपल्या ‘डा’च्या अगदी जवळचा होता. कडू भाजी या अर्थी मात्र त्याच अक्षराचा उच्चार ‘दू’सारखा होता. एकच अक्षर, दोन अर्थ, दोन उच्चार. संस्कृतातला ‘ड’ लिहायचा असेल तेव्हा अनुवादकांनी यातला पहिला उच्चार उचलला.

ह्युएन त्संगाचा प्रवासवृत्तांत 646 साली सिद्ध झाला. त्यात ओड्र देशाचे, म्हणजे आजच्या ओडिशाचे, नाव दोन अक्षरांत लिहिले आहे आणि त्यांतले दुसरे अक्षर हे दहा रेघांचे ‘तु’ आहे. आजच्या उच्चाराने ते नाव ‘वु-तु’ असे वाचले जाते आणि मूळ नावाशी त्याचे काहीच साम्य वाटत नाही, पण सातव्या शतकातल्या उच्चाराने ते ‘उ-ड’ असे होते. कांचीपुरम ही ज्याची राजधानी सांगितली आहे त्या द्रविड देशाचे नाव चार अक्षरांचे आहे, आज ‘दा-लो-पी-तु’ असे वाचले जाणारे, आणि त्याच्या शेवटचे ‘ड’ पुन्हा याच अक्षराने लिहिलेले आहे. शुभकरसिंह (637–735) या भारतीय आचार्याने यी-शिंग या चिनी भिक्षूच्या साहाय्याने महावैरोचन सूत्र या बौद्ध तांत्रिक ग्रंथाचा अनुवाद केला, त्यात ‘मंडल’ या शब्दातील ‘ड’साठी हेच अक्षर आहे, आणि मंडल हा शब्द चिनी भाषेत आजही याच दहा रेघांच्या रूपाने लिहिला जातो. चहा लिहिण्यापुरती रेघ गळाली, पण मंडल लिहिताना ती टिकली.

ओघात आपल्या प्रांताविषयीही सांगायला हवे. ह्युएन त्संग पुलकेशी राजाच्या काळात महाराष्ट्रात आला होता आणि त्याने या देशाचे नाव जसे लिहिले ते आज ‘मो-हो-ला-चा’ असे वाचले जाते. हा शेवटचा ‘चा’ म्हणजे चहाचे अक्षर नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण तसा गैरसमज सहज होऊ शकेल. ते माणसाचे चिन्ह डावीकडे असलेले वेगळे अक्षर आहे आणि त्याचा तेव्हाचा उच्चार ‘ठ’च्या जवळ जाणारा होता. त्याच्या आधीचे ‘ला’ हे अक्षर त्या काळी ‘लत्’ असे संपत असे. चिनी भाषेत ‘र’ नसल्यामुळे ‘ल’ वापरावा लागे, हे लक्षात घेतले तर ‘लत्-ठ’ हे संस्कृत ‘राष्ट्र’पेक्षा प्राकृत ‘रट्ठ’ला अधिक जवळचे वाटते. लोकांच्या तोंडून त्याने ‘महारट्ठ’ असेच ऐकले असावे, असे माझे मत आहे. म्हणजे ‘ड’साठी चहाचे अक्षर आणि ‘ठ’साठी हे दुसरे, अशी ट-वर्गाची सोय त्या अनुवादकांनी किती बारकाईने केली होती हे दिसते, आणि चिनी अक्षरे ध्वनीसाठी वापरली जातात हा माझा मूळ मुद्दाही त्याने बळकट होतो.

त्या जुन्या ‘डा’पासूनच पुढे दोन वाटा फुटल्या. चीनच्या बहुतेक बोलींत ते मूर्धन्य व्यंजन बदलून ‘च’सारखे झाले. आग्नेय चीनमधील फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीत मात्र ते ‘त’सारखे स्पर्श व्यंजनच राहिले आणि चहाला ‘ते’ म्हटले जाऊ लागले. डच व्यापाऱ्यांनी ‘ते’ नेले आणि इंग्रजांचे ‘टी’ त्याच वाटेने आले. पोर्तुगीजांनी मकावहून ‘च’ची वाट धरली, इराणी आणि मध्य आशियाई लोकांनीही तीच, आणि आपला ‘चहा’ही त्याच शाखेचा आहे. आपल्या लेखात ‘चहा’ आणि ‘टी’ हे दोन वेगळ्या चिनी शब्दांपासून आल्याचे म्हटले आहे, तेवढेही जाता जाता दुरुस्त करावे. अक्षर एक, शब्द एक, बोली दोन.

रेघ गाळण्याची गरज का भासली असावी, याचेही उत्तर समाजाच्या इतिहासात शोधायला हवे. थांग काळातील फंग यान याच्या टिपणांत असे आहे, की खाय-युआन काळात थाय पर्वताजवळील लिंग-यान विहारातील ध्यानसाधक रात्री झोप टाळत आणि सायंकाळी जेवत नसत, त्यांना फक्त चहाची मुभा होती, आणि त्यांचे पाहून सामान्य लोकांतही चहाची सवय पसरली. 793 साली राज्याने चहावर दहावा हिस्सा कर बसवला. ज्या वस्तूचा सर्वत्र व्यापार चालतो आणि जिच्यावर सरकार कर घेते, तिच्यासाठी तण, तुरा, यातना आणि कडू भाजी असे सगळे अर्थ वाहणारे अक्षर सोयीचे राहत नाही. लोकांनी आधीच चालू केलेले कमी रेघांचे रूप त्या एका अर्थासाठी राखून ठेवले गेले, असे मला वाटते. कोशकारांना मात्र ते पचायला वेळ लागला. 1008 सालच्या ‘क्वांग-युन’ या यमककोशात नऊ रेघांच्या ‘चा’पुढे ‘लोकरूढ’ असा शेरा आहे. त्याच्या थोडे आधी, 986 साली, ‘श्वो-वन’ कोशाची शुद्ध प्रत तयार करताना श्यू श्वान यांनी दहा रेघांच्या ‘तु’खाली लिहिले, की हेच आजचे ‘चा’.

गवत, माणूस आणि झाड ही फोड चिनी लोकही करतात, हे मला माहीत आहे. अक्षरे फोडून त्यांतून अर्थ काढण्याचा खेळ त्यांच्याकडे फार जुना आणि आवडता आहे. चहाच्याच अक्षराची आणखी एक फोड आहे. वरचे गवत म्हणजे वीस आणि खालचा भाग म्हणजे अठ्ठ्याऐंशी, मिळून एकशे आठ, म्हणून एकशे आठ वर्षांच्या आयुष्याला ‘चहाचे आयुष्य’ म्हणतात आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आयुष्याला ‘तांदळाचे’. वृद्ध विद्वान एकमेकांना अशा शुभेच्छा देतात तेव्हा तो खेळ आहे हे दोघांनाही ठाऊक असते. आपल्या लेखात मात्र तो खेळ इतिहास म्हणून सांगितला गेला आणि तेवढ्यासाठी हे पत्र लिहावे लागले. चिनी अक्षर म्हणजे चित्र, आणि प्रत्येक चित्रात एक तत्त्वज्ञान, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. तिच्यामुळे त्या लिपीचे कौतुक होते असे वाटते खरे, पण प्रत्यक्षात तीन हजार वर्षे कवी, कोशकार, करअधिकारी आणि भिक्षू यांनी ती ज्या काटेकोरपणे वापरली, त्या कष्टांकडे दुर्लक्ष होते.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा नाही असेही नाही. पुण्यात डॉ. पु. वि. बापट यांनी पाली आणि चिनी ग्रंथ शेजारी ठेवून अभ्यास केला. मूळ पाली पाठ लुप्त होऊन चिनी अनुवादातच संपूर्ण टिकून राहिलेला ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध साधनामार्गावरील ग्रंथांचा त्यांचा तुलनात्मक अभ्यास 1937 साली प्रसिद्ध झाला. चिनी अक्षरामागे कोणता भारतीय शब्द दडला आहे हे ओळखणे हाच त्या कामाचा पाया होता. हे काम ज्या शहरात झाले, त्याच शहरात वाचल्या जाणाऱ्या पुरवणीत चिनी अक्षरांविषयी लिहिताना निदान एकदा कोश उघडून पाहिला जावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

माझी विनंती अशी आहे. पुढील रविवारी त्याच पानावर शुद्धिपत्र द्यावे आणि त्यात चहाच्या अक्षराची दोन्ही रूपे, दहा रेघांचे आणि नऊ रेघांचे, चित्र म्हणून शेजारी शेजारी छापावीत. श्वान-मी स्तूपाच्या शिलालेखाचे ठसे अनेक सुलेखनाच्या पुस्तकांत मिळतात, त्यातील ‘चा-पी’ या शब्दाचे छायाचित्र सोबत देता आल्यास वाचकांना गळालेली रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. आपल्या संकेतस्थळावर असलेल्या लेखातही ही दुरुस्ती करावी, कारण छापील अंक रद्दीत जातो, पण तिथला मजकूर शोधणाऱ्यांच्या हाती पुढची अनेक वर्षे लागत राहणार आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे